शेऱ्याचा रकाना

शमिकाच्या सहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एका कुत्र्याचं वर्णन करायचं होतं. चित्रातला कुत्रा काळा, थोराड आणि वयस्कर होता, गळ्यात पट्टा होता. शमिकानं लिहिलं होतं, ‘डॉग, पेट, इंडियन, ब्लॅक, लाँग, ओल्ड, बिग. कंडिशन:’ आणि पुढे जागा कोरी सोडून खाली पट्टीनं रेघ मारली होती. पवित्रा मिसनी त्या रेघेवर लाल शाईचं प्रश्नचिन्ह काढलं होतं. दहापैकी चार.

पेपर जेवणाच्या टेबलावर आला तेव्हा त्रिविक्रमराव चहा पीत होते. त्यांनी कप बशीत ठेवायला घेतला, तो बशीच्या काठावर टेकला, आणि चहा पेपरावर सांडणार नाही ना या काळजीत त्यांनी तो पुन्हा उचलला. पेपरावरचं अक्षर नातीचं होतं. मजकूर मात्र त्यांचा होता, हे त्यांनी पहिल्या स्वल्पविरामालाच ओळखलं.

“साखर ठीक आहे ना, बाबा?” अनुषानं सवयीनं विचारलं.

“आहे,” ते म्हणाले.

लग्न होऊन पुण्याहून बेंगलोरमधल्या जयनगरच्या या घरात आल्यापासून, म्हणजे तेरा वर्षं, सूनबाई हा प्रश्न विचारत होत्या आणि तेरा वर्षं हेच उत्तर मिळत होतं. साखर असल्याची नोंद त्रिविक्रमराव देत. ती कमी आहे, जास्त आहे की बरी आहे, याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

“बाबा, प्लीज वाईट वाटून घेऊ नका,” अनुषा म्हणाली. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत बावीस माणसांची मॅनेजर होती आणि वाईट बातमी सांगण्याचं तिला रीतसर ट्रेनिंग मिळालेलं होतं. “पण हा प्रॉब्लेम जरा सिस्टिमिक वाटतोय. ॲडजेक्टिव्हचा ऑर्डर पूर्ण उलटा आहे. जे. पी. नगरला एक क्लास आहे, चांगला आहे म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, पाच ते सहा. मी फॉर्म भरून ठेवलाय, फक्त सबमिट करायचाय.”

पाच ते सहा हे तिनं अगदी सहज म्हटलं. त्रिविक्रमरावांनी मात्र उचललेला कप पुन्हा खाली ठेवला.

कारण पाच ते सहा हा त्यांचा तास होता. शमिका पहिलीत गेल्यापासूनचा. शाळेची बस सव्वाचारला यायची, दूध वगैरे व्हायचं, आणि पाचच्या ठोक्याला आजोबा-नात व्हरांड्यात समोरासमोर बसायचे. मध्ये कागदाच्या पुड्यात चुरमुरी, म्हणजे इकडची कांदा घातलेली भेळ. आधी गणित, मग कन्नड, मग इंग्रजी, मग शाळेतल्या भांडणांची सविस्तर सुनावणी. दिवसाचे बाकीचे तेवीस तास कुणी मागितले असते तर त्यांनी बिनतक्रार देऊन टाकले असते.

“गुरुवारी ओरल आहे ना तिची?” आतून वीणाबाई म्हणाल्या. त्रिविक्रमरावांच्या पत्नीला भिंतीपलीकडून बोलणं ऐकू यायचं आणि त्यात भागही घेता यायचा. “तोवर थांब की, अनुषा. ओरलमध्ये बघ काय करते ती.”

अनुषानं क्षणभर विचार केला. “ओके. आठ किंवा जास्त आले तर क्लास नाही. कमी आले तर मी फॉर्म सबमिट करते. फेअर आहे ना, बाबा?”

“सरी,” म्हणजे बरं, एवढंच त्रिविक्रमराव म्हणाले. ते फेअर आहे की नाही हे त्यांनी सांगितलं नाही.

*

आता यात त्रिविक्रमरावांचा दोष किती, हे सांगायला हवं. एका सरकारी खात्याच्या भांडारात त्यांनी चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली. खात्याचा बाकीचा कारभार कन्नडमध्ये गेला, तरी डेड स्टॉक, म्हणजे टिकाऊ सामानाचं, रजिस्टर इंग्रजीतच राहिलं, आणि खात्यातली प्रत्येक खुर्ची, कपाट, पंखा आणि पाण्याचं पिंप त्यांच्या हातून त्या रजिस्टरात उतरलं. ‘चेअर, ऑफिस, वुडन, मैसूर, ब्राउन, स्क्वेअर, ओल्ड, लार्ज. कंडिशन:’ अशी. त्यांच्या वळणदार अक्षराचं आणि बिनचूक इंग्रजीचं वरिष्ठांनी दोनदा कौतुक केलं होतं. तेच इंग्रजी त्यांनी नातीला दिलं. दुसरं त्यांच्याकडे नव्हतं.

शाळेनं दिलेल्या कागदावर विशेषणांचा क्रम छापलेला होता. आधी मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय, आणि शेवटी कशासाठी. आठ शब्द. त्रिविक्रमराव शुक्रवारी रात्रीपर्यंत ते पाठ करत होते. शनिवारी सकाळी उठले तेव्हा पाचच उरले होते. भाजीवालीशी बोलताना ‘वय’ निसटलं. रक्तदाब मोजायला बसले तर यंत्राची हवा सुटेपर्यंत ‘रंग’ आणि ‘आकार’ यांची अदलाबदल झाली. वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न आला. तो त्यांनी वीणाबाईंना एकशे अडतीस सांगितला.

बागेत फिरताना त्यांनी भीमाचार्यांपाशी विषय काढला. भीमाचार्य त्याच खात्यात हिशेबनीस होते आणि निवृत्तीनंतरही बेरीज तपासल्यासारखं चालायचे.

“मला एवढंच सांगा,” त्रिविक्रमराव म्हणाले, “मोठा काळा कुत्रा म्हटलं काय नि काळा मोठा कुत्रा म्हटलं काय. कुत्र्याला काही फरक पडतो?”

“कुत्र्याला नाही पडत.”

“मग गोऱ्या साहेबांच्या पोरांना कोण शिकवतं हे?”

“कुणी नाही. त्यांना आपोआप येतं म्हणे.”

“आणि आपल्या पोरांना?”

“आपल्या पोरांना पेपर असतो,” भीमाचार्य म्हणाले आणि बाकाला वळसा घालून पुढे गेले.

रविवारी दुपारी घर झोपलेलं असताना त्रिविक्रमरावांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे शाळेचा क्रम लिहून काढला. हाताला सवय होती म्हणून शेजारी रजिस्टरचे रकाने लिहिले. वस्तू, उपयोग, कशाची, कुठली, रंग, आकार, नवी-जुनी, आकारमान, शेरा. मग त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. एक यादी वरून खाली वाचली, दुसरी खालून वर.

दोन्ही एकच होत्या.

इंग्रजी भाषा म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर, फक्त उजवीकडून वाचायचं. चौतीस वर्षं हे हाताखाली होतं आणि एकदाही लक्षात आलं नव्हतं. त्रिविक्रमराव उठून स्वयंपाकघरात गेले आणि उभ्यानंच दोन ग्लास पाणी प्याले.

“पुट्टी, ऊठ,” त्यांनी नातीला हलवलं. “सापडलं.”

“काय सापडलं, अज्जा?”

“सगळं. वही घे.”

*

सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस घराची पडताळणी झाली. शमिका वहीत रकाने आखायची, वस्तूसमोर उभी राहून डावीकडून भरायची, आणि मग उजवीकडून वाचायची. मिक्सर झाला, देव्हारा झाला, प्रणीतचं हेल्मेट झालं. प्रणीत, म्हणजे शमिकाचा बाप, मीटिंगमधून मान वर करून म्हणाला, “माझी पण नोंद करताय का?” तर त्याला सांगण्यात आलं की तो डेड स्टॉकमध्ये येत नाही, अजून.

बुधवारी तर वहीशिवायच चाललं. शमिका डोळे मिटायची, बोटांनी हवेत रकाने आखायची आणि धडाधड म्हणायची. स्टुलासमोर उभी राहून ती म्हणाली, “अ... स्मॉल ओल्ड राउंड ग्रीन बेंगलोर मेटल किचन स्टूल.”

“शाब्बास.”

“अज्जा, ‘अ’च्या नंतर मी थांबते ना, तिथे ओपिनियन आहे. ते काय म्हणू?”

“ते सोडायचं.”

“का?”

“ते आपलं नसतं. आपण स्टोअरकीपर. खुर्ची आहे, लाकडी आहे, तपकिरी आहे, हे आपण लिहायचं. ती बरी आहे की वाईट, हे साहेब पडताळणीला येतात तेव्हा लिहितात. तेवढी जागा कोरी ठेवून द्यायची.”

“मग मिस भरतील?”

“मिसच भरतील. त्याच तर साहेब.”

शमिकाला ते पटलं. शाळेतही बरंचसं असंच चालायचं.

हे सांगताना त्रिविक्रमरावांना जराही शंका आली नाही, कारण ही गोष्ट त्यांच्या अंगात मुरलेली होती. नोकरीला लागून सात वर्षं झाली असताना त्यांनी एकदा, एकदाच, शेऱ्याच्या रकान्यात स्वतः लिहिलं होतं. पाठीचा एक दांडा मोडलेल्या खुर्चीसमोर त्यांनी ‘बॅड’ असं लिहिलं. ती खुर्ची नेमकी उपसंचालकांची होती. तिसऱ्या दिवशी मेमो आला. स्टोअरकीपरने वस्तूची नोंद करावी, मत व्यक्त करू नये. मेमोची पोच घेऊन त्यांनी तो फाइलला लावला आणि त्यानंतर मत व्यक्त केलं नाही. ऑफिसात नाही, घरीही नाही. भाजी काय करू विचारलं तर “कर काहीतरी.” प्रणीतनं अनुषाचा फोटो दाखवला तेव्हा “तुम्ही बघा.” वीणाबाईंचं म्हणणं असं, की हे मेमोमुळे वगैरे काही नाही. “मला बघायला आले होते तेव्हा कुठला मेमो होता? उप्पीट खाल्लं, चहा घेतला, आणि म्हणाले, अण्णाला विचारून कळवतो.”

बुधवारी संध्याकाळी अनुषा लवकर आली आणि दारात उभी राहून तिनं दोन-तीन वस्तू ऐकल्या. “ऑर्डर करेक्ट आहे,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. “‘अ’च्या नंतर अडखळते मात्र.”

“अडखळत नाही,” शमिका म्हणाली. “सोडते.”

अनुषाचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत आत गेली.

*

गुरुवारी ओरल साडेअकराला होती. त्रिविक्रमराव साडेनवापासून व्हरांड्यात बसले. सकाळचा पेपर उघडला, अर्ध्या तासानं तो उलटा धरल्याचं लक्षात आलं, आणि तो सरळ केल्यावरही फारसा फरक पडला नाही. साडेअकराला ते उठून उभे राहिले, जणू तिकडे त्यांचंच नाव पुकारलं होतं. बारा वाजता त्यांना वाटलं, आकारमान आणि वय यांची तिनं अदलाबदल केली असेल. एक वाजता वाटलं, नाही केली. दोन वाजता त्यांना जे. पी. नगरचा तो क्लास डोळ्यांसमोर दिसू लागला. काचेचं दार, गार हवा, पांढऱ्या फळ्यासमोर आपोआप इंग्रजी येणारी एक बाई, आणि इकडे व्हरांड्यात पाच वाजता चुरमुरीचा पुडा आणि एक माणूस. ते चुरमुरी आणतील का मग? आणली तरी एकट्यानं खायची कशी? कांदा तर शमिकाच वेचून त्यांना देई.

“जेवा आधी,” वीणाबाई म्हणाल्या. “उपाशीपोटी काळजी केली तर मार्क वाढतात असं कुठे आहे?”

ते जेवले. काय जेवले ते त्यांना विचारू नये.

सव्वाचारला बस आली. शमिका उड्या मारत उतरली. उड्या चांगल्या दिसत होत्या. पण ती चार मार्कांनाही उड्या मारतच उतरली होती, हे त्यांना आठवलं.

“काय आलं होतं?”

“मिसकडे पिशवी होती, अज्जा. हात घालून एक वस्तू काढायची. माझ्या हातात चन्नपट्टणचा भोवरा आला.”

“मग?”

“मग मी डोळे मिटले आणि सगळे रकाने भरले. अ... स्मॉल न्यू राउंड रेड चन्नपट्टण वुडन स्पिनिंग टॉप.”

त्रिविक्रमरावांनी बोटांवर मोजलं. एकही जागा चुकली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी चष्म्याला काहीतरी लागल्याचं निमित्त केलं.

“मिस म्हणाल्या, व्हेरी गुड, अँड युवर ओपिनियन? मी म्हटलं, ऑफिसर विल राइट, मिस.”

“मग?”

“मग त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. मग त्यांनी डायरीत लिहिलं.”

डायरीत लिहिलं होतं, क्रम अचूक आहे, सगळ्या वर्गात एकमेव. पण शमिका मत द्यायला नकार देते, दोनदा विचारूनही. मताचे तीन गुण होते. दहापैकी सात.

त्रिविक्रमराव पायरीवर बसले. व्हरांड्यात खुर्ची होती, चांगली होती की वाईट हे सोडा, पण होती. तरी ते पायरीवर बसले.

*

अनुषा सातला आली. डायरी टेबलावर ठेवलेली होती. ती लपवावी असं दुपारी त्रिविक्रमरावांच्या मनात एकदा येऊन गेलं होतं, पण रेकॉर्ड लपवणं त्यांच्यानं झालं नसतं. अनुषानं उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

“शमू, मत का नाही दिलंस? रेड आहे, राउंड आहे, इतकं सगळं सांगितलंस. नाइस म्हणायचं होतं. लव्हली. काहीही.”

“ते आपण नाही लिहायचं, मम्मा. ते साहेब लिहितात.”

“कोण साहेब?”

शमिकानं आजोबांकडे पाहिलं. अनुषानं पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात वीणाबाई येऊन उभ्या राहिल्या, हातात उलथनं घेऊन, आणि त्यांनीही पाहिलं.

त्रिविक्रमरावांनी मग सगळं सांगितलं. रजिस्टर, रकाने, उपसंचालकांची खुर्ची, मेमो. सांगताना त्यांचा आवाज मध्येच बारीक होत होता. “तिची चूक नाही,” ते शेवटी म्हणाले. “तिनं नियमाप्रमाणे केलं. नियम माझा होता.”

अनुषानं पर्समधून फोन काढला. फॉर्म उघडला. त्यावरचा हिरवा चौकोन त्रिविक्रमरावांना टेबलाच्या या टोकावरून दिसला. तिचा अंगठा चौकोनावर गेला आणि तिथेच, काचेच्या केसभर वर थांबला.

“सात आलेत,” ती म्हणाली. “आपण आठ ठरवले होते. पण ऑर्डर सगळ्या वर्गात हिचाच बरोबर आहे. मला खरंच कळत नाहीये.” मग तिनं मान वर केली. “बाबा, तुम्हाला काय वाटतं? क्लास लावू की नको?”

“तू म्हणशील ते,” हे शब्द त्रिविक्रमरावांच्या जिभेवर तयारच होते. तोंड उघडलं की ते आपोआप बाहेर पडत, साहेबांच्या पोरांच्या विशेषणांसारखे. ते अर्धे बाहेर आलेही. “तू...”

शमिका बघत होती. भांडाराला पडताळणी पथक यायचं तेव्हा शिपाई कुलपाकडे बघायचा, तशी.

“स्वल्प थांब,” त्रिविक्रमराव म्हणाले. ते घोटभर पाणी प्याले. ही सून विचारतेय, उपसंचालक नाही, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. उपसंचालकांना कुणाचं मत विचारायची सवयच नव्हती, तेव्हा ते परवडले.

“क्लास लावू नये,” ते म्हणाले.

उलथन्यावरून तेलाचा थेंब फरशीवर पडला.

“का?” अनुषानं विचारलं. तिला रागावून विचारायचं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

का, हा पुढचा रकाना असेल याची त्यांना कल्पना नव्हती. “क्लास वाईट असेल म्हणून नाही. चांगलाच असेल. पण पाच ते सहा हा... तो तास मला हवा आहे.”

त्रिविक्रमरावांना वाटलं, संपलं. आणि संपलंच आहे तर आता काय, अशा काहीशा भरात, मेमो यायचाच आहे तर एकदाच येऊ दे म्हणून, ते पुढे म्हणाले, “आणि चहात साखर जास्त असते.”

अनुषानं फोन टेबलावर ठेवला. “कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“तेरा वर्षं?”

“तेरा.”

“बाबा, मी रोज विचारत होते.” तिचा आवाज जरा हलला. “मला वाटायचं, माझं काहीच तुम्हाला आवडत नाही. फोटो बघूनही तुम्ही काही बोलला नव्हतात म्हणे. मी आईंना विचारलंसुद्धा होतं.”

“मी सांगितलं होतं तिला,” वीणाबाई म्हणाल्या, “की तो माणूस देवाला नमस्कार करून आला तरी देव कसा वाटला सांगत नाही.”

“फोटो चांगला होता,” त्रिविक्रमराव टेबलाकडे बघत म्हणाले. एका संध्याकाळी तीन मतं झाली होती. त्यांना जरा गरगरलं.

अनुषा हसली. हसता हसता तिनं डोळ्यांच्या कडा पुसल्या, फोन पुन्हा उचलला आणि फॉर्म बंद केला. अंगठ्यानं वर ढकलला आणि तो गेला. मग मॅनेजरच्या आवाजात म्हणाली, “पण एक अट. तुम्ही हिला ऑर्डर शिकवा, आणि रोज एक मत. हिनं एक द्यायचं, तुम्ही एक. मी वीकेंडला रिव्ह्यू घेणार.”

“भोवरा छान होता,” शमिका लगेच म्हणाली. “थोडा एका बाजूला कलायचा.”

“हेच मिसना सांगायचं होतं ना,” अनुषा म्हणाली आणि डायरीत दुमडून ठेवलेला पुढच्या महिन्याचा कागद तिनं सासऱ्यांपुढे सरकवला. पुढचा धडा पॅसिव्ह व्हॉइस. त्रिविक्रमरावांनी वरून खाली वाचला आणि शुक्रवारपासून आवळलेले त्यांचे खांदे खाली आले. कामं केली जातात, कुणी केली ते कळत नाही. सूचना दिल्या जातात, देणारा कुठे दिसत नाही. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्या कुठल्या प्रयोगात एक ओळ लिहिली नव्हती.

“मग माझ्या स्वयंपाकाबद्दलही असेलच काहीतरी साठलेलं,” दारातून वीणाबाई म्हणाल्या. “एकेचाळीस वर्षांचं. आज मुहूर्त चांगला दिसतोय. बोला.”

त्रिविक्रमरावांनी तो कागद घाईघाईनं जवळ ओढला. “पुट्टी, वही घे. चल व्हरांड्यात. पाच वाजून गेले.”

साडेसात वाजले होते. शमिकानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा आजीच्या हातातल्या उलथन्याकडे, आणि काही न बोलता वही घेऊन उठली.